वानखेडे पुन्हा निघाले

आमच्या गल्लीला गेल्या वर्षभरात एक नवीन काम लागलं आहे, वानखेड्यांना निरोप देणं. पहिल्या निरोपाला आम्ही फक्त मांडव घालायचा बाकी ठेवला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, बायकांनी ओवाळलं, आणि मी शाळामास्तर असल्यामुळे भाषणही ठोकलं. नवरा-बायको नोकरी-बिकरी सोडून कायमचे देश फिरायला निघाले होते, तेव्हा भाषणात 'पुनरागमनाय च' वगैरे काही आणलं नव्हतं. तरी आठव्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा हॉर्न वाजला.

"काहून गा?" मी ब्रश तोंडात तसाच धरून विचारलं.

"खलबत्ता राहिला," वानखेडे खिडकीतून म्हणाले.

दुसऱ्या निरोपाला शाल नव्हती. त्यावेळी वानखेडे चष्म्यासाठी परत आले. तिसऱ्या निरोपाला लोकांनी गच्चीवरूनच हात हलवले, आणि ते गाळणीसाठी परत आले. आता ते निघाले की समोरच्या काकू विचारतात, "भाऊ, मंगळवारपासून तुमचं दूध लावून ठेवू काय?"

वानखेडे हा तसा आमच्या नागपूरच्या सक्करदऱ्यातला सरळमार्गी माणूस. माझ्याच वयाचा, म्हणून आमचं अरे-तुरे चालतं. एका सरकारी वर्कशॉपचं स्टोअर त्यानं सांभाळलं. तिथला एक नट इकडचा तिकडे झाला तर याला जेवण जात नसे. असा माणूस पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळा झाला तेव्हा सगळे चाट पडले. मी विचारलं तर म्हणाला, "मास्तर, रिटायर झाल्यावर काश्मीर पाहू, काश्मीर पाहू म्हणत लोकं शेवटी धंतोलीतले दवाखानेच पाहून राहिले. घुटने साबूत आहेत तोवर निघा लागते."

त्यासाठी त्यानं एका शाळेची जुनी पिवळी व्हॅन घेतली. आत पलंग, गॅस, पाण्याची टाकी. बाहेरून रंग दिला, पण मागची 'मुलांना सांभाळा' ही अक्षरं त्या रंगातूनही वर येतात. वानखेड्यांचं घोषवाक्य एकच: "मान्सानं हलकं राहावं!" हे म्हणत म्हणत त्यानं व्हॅनमध्ये पाटा-वरवंटा चढवला, लोणच्याची बरणी चढवली, आणि खिडकी कापून चक्क कूलर बसवला. नागपूरच्या माणसाचा कूलरवर जीव असतो हे मला मान्य आहे. पण ह्याला शेवटी गाठायची होती मनाली.

"बर्फात कूलर काय करतो गा?" मी विचारलं.

"असू दे ना बावा. काय सांगता येते!"

सगळ्यात कडी म्हणजे राहतं घर त्यानं भाड्यानं देऊन टाकलं. त्यामुळे वानखेडे परत आले की घरात जाता येत नाही. ते स्वतःच्याच फाटकासमोर व्हॅन उभी करून तिच्यात राहतात. सकाळी भाडेकरीण बाई आतून नळाची नळी देतात आणि विचारतात, "काका, पाणी भरून घेता काय?" घरमालक बादली घेऊन उभा आणि भाडेकरू झोपाळ्यावर, असं दृश्य मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. वानखेड्याच्या सौ. सुनंदावहिनी मात्र व्हॅनमधून उतरल्या की सरळ गल्लीतल्या ओट्यावर जाऊन बसतात, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांची खबरबात त्यांच्या पदरात पडलेली असते. एकदा तर ते उन्हाळ्यात नेमके कुरडयांच्या दिवशी परतले. कुरडयांचा चीक वहिनींशिवाय कोणाला जमत नाही. त्यांनी प्रवासाची धूळ झटकायच्या आधी पातेल्यात दांडा घातला.

गल्लीत वानखेड्यांचं नाव 'भुलक्कड' पडलं. पोरंटोरंसुद्धा हसायला लागली. मला ते काही सहन होईना. म्हणून दिवाळीनंतरच्या खेपेला मी स्वतः कंबर कसली. व्हॅनमध्ये चढून एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. खलबत्ता आहे, गाळणी आहे, चष्मा आहे, वरून एक जादा चष्माही आहे. "आता परत आलास तर मी तुला ओळख देणार नाही," असं बजावूनच मी त्याला सोडला.

पुढच्या आठवड्यात व्हॅन फाटकासमोर.

"आता काय राहिलं?" मी ओरडलो.

वानखेड्यानं माझा दंड धरून मला तलावाजवळच्या टपरीवर नेलं. चहा आला. त्यानं तो बशीत ओतला.

"काई नाई राहिलं मास्तर. आधीही काई राहिलं नव्हतं."

"अन् खलबत्ता?"

"सीटखाली होता. साऱ्या रस्त्यानं."

मग त्यानं सांगितलं. पहिल्या खेपेला त्यांनी कोकणात समुद्र गाठला होता. वहिनींनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. "लहान पोरीवानी नाचली गा. पण दिवेलागणीले व्हॅनच्या पायरीवर बसली अन् म्हणे, इथं मले कोणी 'काहून वं सुनंदा' म्हणणारं नाही. बस, इतकंच. रडली नाही, काई नाही. पण मी समजलो. अरे, देश फिरायचं सपन तं तिचंच. लग्न झाल्यापासून म्हणून राहिली होती. तिच्यापायी मी नोकरी सोडली. आता ती कोणत्या तोंडानं म्हणन, घरी चाला? म्हणून मीच म्हटलं, खलबत्ता राहिला."

"अन् गल्ली तुला हसून राहिली ना!"

"हसू दे. तिले खाली पाहा लागलं नाही पाहिजे."

ज्या माणसाच्या हातून कधी एक नट हरवला नाही, तो बायकोसाठी गल्लीभर विसरभोळा म्हणून मिरवत होता. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

घरी येऊन हे मी मंगलाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगितलं. ती आधी हसत सुटली. मग तिनं पदरानं डोळे टिपले.

"सुनंदानं मले पहिल्याच खेपेले सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणे, 'स्टोअरचा माणूस खलबत्ता विसरते काय वं? ह्यायलेच गल्लीबिगर करमत नाही. रात्रभर कूस बदलून राहिले होते. पण सगळ्यायपुढं शाल घेतली ना, आता म्हणतीन कसे? खलबत्ता मले सीटखाली दिसला. मी वरून चादर टाकून देली, ह्यायची फजिती नको व्हायले.'"

आता करमत नव्हतं ते नक्की कोणाला? माझ्या मते दोघांनाही. मंगलाचं मत पडलं की आपल्याला धरून चौघांनाही. ते गेले की ओटा सुना पडतो हे मला कबूल करावं लागलं. पण मनाली राहिलीच होती, आणि वहिनींचं स्वप्न असं नागपूर-नागपूर खेळत संपलं असतं तर आम्हालाही ते लागून राहिलं असतं. त्याचं गुपित तिला आणि तिचं त्याला सांगायचं नाही, एवढं आम्ही ठरवलं.

गेल्या महिन्यात वानखेडे पुन्हा निघाले. मी व्हॅनमध्ये चढलो, सगळं सामान पाहिल्यासारखं केलं, आणि गॅसजवळची सांडशी उचलून हळूच सदऱ्याखाली घातली. परतायचं एक खरं निमित्त घरी राहिलं की लांब जायला धास्ती नको, असा माझा हिशेब. वर पाहतो तर सुनंदावहिनी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी मान फिरवली आणि पदरानं खिडकीची काच पुसायला घेतली.

"मान्सानं हलकं राहावं!" वानखेडे स्टिअरिंगवरून ओरडले आणि व्हॅन गेली.

मंगळवार आला आणि गेला. समोरच्या काकूंनी लावलेलं दूध वाया गेलं. मग एका दुपारी मनालीच्या रस्त्यावरून फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

"मास्तर, सांडशी राहिली गा घरी!" आवाज असा खुशीत, जणू सांडशी हरवली नव्हती, सापडली होती.

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "कुठं जात नाही ती. बर्फ पाहून ये सावकाश."



"हाव ना बावा," वानखेडे म्हणाले. "पण ठेवजो सांभाळून. बर्फ पाहून झाला का आम्ही घ्यायले येतो."

मागून वहिनींचा आवाज आला, "मंगलाले म्हणा, कुरड्यायचे गहू माझ्याबिगर भिजवजो नको."

सांडशी मंगलानं घासूनपुसून आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून ठेवली आहे. ती कोणी वापरायची नाही. दुधाचं पातेलं आम्ही फडक्यानंच उतरवतो.