वर्षालीच्या डाव्या पायाचं श्रेय

कोणतीही चांगली गोष्ट आपोआप घडत नाही. ती कोणाच्या तरी अध्यक्षतेखाली घडते. सूर्योदय हा याला अपवाद आहे असं काहींचं म्हणणं आहे. पण आमच्या मोशीत नव्या वर्षाच्या पहिल्या सूर्योदयाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स चौकात लागतो आणि त्यावर तेवीस मान्यवरांचे फोटो असतात. (जागेअभावी सूर्याचा घेता आला नाही.)

मी सदाशिव. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात एकतीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासले. निवृत्त झाल्यावर मी घरच्या पोळ्यांचा व्यास मोजू लागलो, तेव्हा माझ्या पत्नीने, मृदुलाने, मला समाजकार्य करण्याचा आग्रह केला. अशा रीतीने मी ‘इंद्रायणीकाठ फुटबॉल अकादमी’चा मानद सचिव झालो. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही. सचिवाला खेळ कळू लागला की त्याचं इतिवृत्तावरचं लक्ष उडतं, असं माझं मत आहे.

अकादमीच्या सहा वर्षांच्या कारकिर्दीत दोनशे बारा मुलं-मुली येऊन गेल्या. त्यांपैकी खेळात नाव काढलेले शून्य. मात्र याच काळात बैठका एकशे अठरा झाल्या, त्यामुळे संस्थेची प्रगती समाधानकारक होती.

आणि मग तीन तारखेला पत्र आलं. आमची वर्षाली ज्योतीराम सोनटक्के, वय पंधरा, हिची राज्याच्या मुलींच्या निवड शिबिरासाठी निवड झाली होती. सोबत एक अर्ज होता. सचिवाच्या सही-शिक्क्यासह तो पुण्याच्या कार्यालयात पंधरा तारखेला संध्याकाळी पाचच्या आत हातोहात द्यायचा होता. नाव, वय, उंची, रक्तगट हे सगळं मी दहा मिनिटांत भरलं. रकाना क्रमांक चौदापाशी माझं पेन थांबलं. तिथे छापलं होतं: ‘खेळाडूस घडवणाऱ्या व्यक्तीचे नाव (एकच).’

एकच नाव कोणाचं घालावं हे विचारायला मी अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष नवनाथशेठ हे मूळ गावचे, मैदानाच्या जागेचे मालक.

“त्यात इचारायचं काय, सदाशिवराव?” ते म्हणाले. “जागा कुनाची हाय? आमची. जागा नसती तर पोरगी काय गच्चीवर पळाली असती व्हय?”

मुद्दा बिनतोड होता. पण त्याच संध्याकाळी त्यांच्या धाकट्या भावाचा निरोप आला. या जागेवरून दोघा भावांचा नऊ वर्षं कोर्टात वाद चालू आहे आणि स्थगिती धाकट्याने आणलेली आहे. ती आणली नसती तर आज तिथे बारा मजली इमारत असती आणि पोरगी खरोखरच गच्चीवर पळाली असती, तेव्हा श्रेय स्थगितीचं. हाही मुद्दा बिनतोड होता.

असे दोन बिनतोड मुद्दे समोरासमोर आले की सुज्ञ माणूस समिती नेमतो. मी नेमली. ‘श्रेय निश्चिती समिती’, निमंत्रक मी.

आता समितीच्या कार्यपद्धतीबद्दल. कारखान्यात एखादा भाग सदोष निघाला की आम्ही एक छापील तक्ता काढतो. त्यात पाच वेळा ‘का?’ असं विचारायचं असतं. पहिल्या ‘का’ला मशीन सापडतं, दुसऱ्याला तेल, तिसऱ्याला पाऊस, आणि पाचव्याला माणूस. (बहुधा कंत्राटी. कायम कामगार चौथ्यानंतर रजेवर असतो.) ही पद्धत जगभर नावाजलेली आहे. मात्र उत्तम निघालेल्या भागासाठी ती आजवर कोणी वापरलेली नव्हती, कारण भाग उत्तम निघाला तर कोणी विचारतच नाही. हा अन्याय दूर करायचं मी ठरवलं.

पद्धतीचा एक नियम कडक आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत तपासणीखालची वस्तू जागची हलवायची नाही, तिला ‘होल्ड’चं कार्ड लावायचं. त्यानुसार वर्षालीचा अर्ज मी लाल कार्ड लावून माझ्या घरच्या लोखंडी कपाटात ठेवला. नमुन्यात बदल होऊ नये म्हणून वर्षालीलाही चौकशी संपेपर्यंत न खेळण्याची लेखी विनंती केली. ती रोज साडेचारला यायची, बूट घालायची आणि बाकावर बसून राहायची.

“तिचंच नाव लिहा की त्या रकान्यात,” मृदुला म्हणाली.

सूचना नोंदवून घेतली. गैरलागू असल्याने पुढे पाठवली नाही.

दावे मागवण्यासाठी चौकात सूचना लावली. सात दिवसांत एकूण एकेचाळीस दावे आले. काही प्रमुख दावे असे:

मुख्य प्रशिक्षक अवधूत सर. हे मारुंजीला भाड्याने राहतात, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करतात आणि शनिवार-रविवार आमच्याकडे येतात. (रहदारीमुळे पोचेपर्यंत सराव संपलेला असतो, पण येतात.) त्यांनी चौसष्ट स्लाइडचं सादरीकरण केलं. “काका, डेटा बघा ना. ‘उजवा पाय वापर’ असं मी तिला सत्तेचाळीस वेळा सांगितलंय. तिने एकदाही ऐकलं नाही. म्हणजे तिचा डावा पाय माझ्यामुळेच पक्का झाला ना?”

शेजारच्या सोसायटीतल्या एक बाई, ज्यांनी मुलाचे जुने बूट वर्षालीला दिले. ते दोन नंबर मोठे होते, त्यामुळे पाय जपून टाकायची सवय लागली.

शाळेच्या गणिताच्या बाई, ज्यांनी तिला वर्गाबाहेर काढून मोकळ्या हवेची गोडी लावली.

गेल्या वर्षी ऐन सामन्याच्या दिवशी सर्दी झालेली एक खेळाडू (आईमार्फत). ती आली नाही, एक मुलगी कमी पडली, म्हणून अवधूत सरांनी कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या वर्षालीला आत बोलावलं, तिने तीन गोल केले आणि तेव्हापासून ती ‘आमची’ झाली. अर्जासोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली होती.

प्रत्येकाने आपला वाटा टक्क्यांत लिहायचा होता. बेरीज तीनशे सत्याऐंशी टक्के झाली. यावरून वर्षालीच्या अंगात जवळजवळ चार खेळाडू असल्याचं निष्पन्न होतं आणि निवड समितीने त्यांतल्या एकीलाच बोलावून आमच्यावर अन्याय केला, अशी नोंद इतिवृत्तात केली आहे.

बारा तारखेला सकाळी वर्षालीचे वडील दारात आले. ज्योतीराम औशाकडचे, चाकणला कंत्राटावर कामाला. रात्रपाळी करून तसेच आले होते, डोळे तांबारलेले होते.

“सायेब, फारम कवा मिळंल? पंधरा तारीख हाय म्हणं.”

“चौकशी चालू आहे.”

त्यांचा चेहरा पडला. “लेकरानं काय केलं का?”

“चांगलं केलंय हो.”

“मग चौकशी कशापायी?”

पद्धत समजावून सांगायला मला वीस मिनिटं लागली. त्यांनी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. दावे केलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव दिसलं नव्हतं, म्हणून मी मोठ्या मनाने मुदत वाढवून दिली आणि त्यांचा वाटा किती टक्के लिहू, असं विचारलं.

“आमचा कशाचा वाटा, सायेब? मी शिफ्टमधी. तिची माय चार घरची धुणीभांडी करती. लेकरू एकलंच भिंतीवर बॉल मारत बसायचं. ‘अंधार पडायच्या आत घरी ये’, एवढंच म्या सांगायचो.” मग जाता जाता थांबून म्हणाले, “तेवढं फारमाचं बघा. ती जेवना झाली.”

मी ‘दावा नाही’ असं लिहून सही केली. पण त्या बोलण्यातला ‘भिंत’ हा शब्द मात्र माझ्या तपासणीसाच्या कानांनी टिपला, आणि चौदा तारखेच्या बैठकीत मी छापील तक्ता भरायला घेतला. तो जसाच्या तसा देतो.

का क्रमांक एक: वर्षालीची निवड का झाली? अडचणीच्या जागेतून डाव्या पायाने अचूक गोल मारते म्हणून.

का दोन: डावा पाय एवढा तयार का? मैदानाबाहेर गोदामाची भिंत आहे. भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये चिंचोळी वाट आहे आणि तिच्या उजव्या अंगाला उघडं गटार. उजवा पाय वापरला तर गटारात जातो. तिथे ती दोन वर्षं रोज बॉल मारत होती.

का तीन: एवढं मैदान सोडून गटाराकाठी का? मैदानात घेत नव्हते म्हणून.

का चार: का घेत नव्हते? नियम क्रमांक सात. अर्जासोबत घराचा नोंदणीकृत भाडेकरार हवा. सोनटक्के कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहतं आणि त्यांचा घरमालक करार करून देत नाही.

का पाच: हा नियम कोणी केला आणि तिचा अर्ज कोणी नाकारला?

मी जुनी फाइल उघडली. अर्ज दोनदा नाकारलेला होता. दोन्ही वेळा तांबड्या शाईने, वळणदार अक्षरात. अक्षर माझं होतं.

एकतीस वर्षांत मी पाचव्या ‘का’शी अनेक माणसं पकडली, पण तिथे स्वतः सापडण्याची ही पहिलीच वेळ. कारखान्यात या टप्प्यावर माणसाला मेमो देतात. पण तक्ता तर यशाचा होता, आणि हे आधी नवनाथशेठांच्या ध्यानात आलं.

“म्हंजे सदाशिवराव, तुमी पोरीला आत घेतली असती तर ती बाकीच्यांवानी वाया गेली असती की!” ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. अवधूत सरांनीही वाजवल्या. मग मीही वाजवल्या, कारण ठराव एकमताने व्हावा असं मला नेहमी वाटतं. चौदाव्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. अक्षर पूर्वीसारखंच वळणदार आलं.

आकडेवारीने निकालाला दुजोराच दिला. कुंपणाच्या आत दोनशे बारा, यशस्वी शून्य. कुंपणाबाहेर एक, यशस्वी एक, म्हणजे शंभर टक्के. सबब, ‘अकादमीतील सर्व खेळाडूंना तातडीने मैदानाबाहेर काढण्यात यावे व गटारावर कदापि झाकण टाकू नये’ असा ठराव मंजूर झाला. आता मैदानाला कुलूप आहे. नाकारलं जाण्यासाठी पालकांचे अर्ज येऊ लागले आहेत आणि सत्तावन्न जण प्रतीक्षा यादीत आहेत.

पंधरा तारखेला सत्कार ठेवला. संध्याकाळी सहाची वेळ, कारण शेठना आधी मुहूर्त नव्हता. त्या दिवशी सकाळी ज्योतीराम पुन्हा आले. सुट्टी टाकून आले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. फारम द्या, मी लगेच पुण्याला नेतो, म्हणाले. कपाट माझ्या पाठीमागे चार पावलांवर होतं. मी त्यांना सांगितलं की असा अर्ज घरातून देणं बरं दिसत नाही, संध्याकाळी व्यासपीठावरून सन्मानाने देऊ, फोटोही निघेल. ते “बरं सायेब” म्हणाले. एकतीस वर्षं माझ्यासमोर उभे राहिलेले सगळे हेच म्हणत आलेले आहेत.

सत्कार उत्तम झाला. मला शाल आणि नारळ मिळाला. सहा भाषणं झाली आणि सहाही वक्त्यांनी वर्षालीचा उल्लेख केला. (दोघांनी वैशाली म्हटलं.) सात वाजून दहा मिनिटांनी तिला अर्ज दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, चौदाव्या रकान्यापर्यंत वाचला आणि मग हळूच विचारलं, “काका, हापिस पाचला बंद झालं असंल ना?”

फोटोवाला “इकडे बघा” म्हणाला, म्हणून मी तिकडे बघितलं.

अर्ज घेतला गेला नाही. दुसऱ्या दिवशी ज्योतीराम जाऊन आले, तासभर दारात थांबले आणि परत आले. मला लाज वाटते. हे वाक्य अहवालाच्या नमुन्यात कुठेच बसत नाही, म्हणून इथे लिहितो. मृदुला त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आणि मी घरात काहीही मोजत नाही.

संस्थेने रीतीप्रमाणे दुसरी चौकशी लावली आहे: अर्ज वेळेत का पोचला नाही? चौकात सूचना लावली, आठ दिवस मुदत दिली. या वेळी आलेले दावे शून्य. नवनाथशेठ म्हणाले, “आपन फकस्त जागा दिलीया.” अवधूत सर म्हणाले की ते त्या आठवड्यात घरून काम करत होते. सर्दीवाल्या मुलीच्या आईने कळवलं की तिला त्या दिवशी सर्दी नव्हती.

छापील तक्त्याच्या तळाशी एक रकाना असतो, जो आम्ही कारखान्यात कधीच भरत नसू: ‘हे चुकत आहे हे आधीपासून कोणाकोणाला ठाऊक होते?’ या वेळी तो भरायचा असं मी ठरवलं आहे. पहिलं नाव माझं लिहिलं, मग नवनाथशेठांचं, मग अवधूत सरांचं. त्यानंतर तुमचं लिहिलं आहे. अर्ज कपाटात आहे आणि मुदत पंधरा तारखेला पाचपर्यंत आहे, हे मी तुम्हाला अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. ज्योतीराम दोनदा दाराशी आले तेही तुम्ही पाहिलंत. मी ओळीमागून ओळ तारखा सांगत होतो, आणि तुम्ही हसत होतात.