खुशाल गावाची मोजणी

हवामान बदलामुळे माणसाला ताण येतो, ताणाने झोप उडते आणि झोप उडाल्याने रक्तदाब कायमचा चढून बसतो, असे शासनाच्या निदर्शनास आले. सबब गावोगावचा ताण मोजण्याचे ठरले. साठपैकी चाळीसच्या वर ताण भरेल त्या गावाला वर्षभराच्या गोळ्या मिळणार होत्या.

गिदान दावा या आमच्या गावात हे काम दवाखान्याचा एकुलता एक सेवक लावाली याच्याकडे आलं. गडी खूश झाला. सावलीत सेहेचाळीस अंश, चार वर्षं बाजरी धड पिकलेली नाही, अख्खं गाव अंगणात चटईवर कूस बदलत पडतंय. साठपैकी साठ कुठे जात नाहीत. शिवाय त्याच्या तासल्ला आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या.

त्याने सुरुवात तिच्यापासूनच केली.

"आत्या, थकवा कसा आहे?"

"खुशाल."

"उकाडा?"

"खुशाल, देवाची कृपा. तुझ्या शेळ्या कशा आहेत?"

आता आमच्याकडे माणूस भेटला की आधी घर, मग मुलं, मग थकवा, मग उकाडा अशी चौकशी होते आणि सगळ्याला उत्तर एकच. दुसरं काही बोलणारा माणूस बिनवळणाचा. शासनाच्या नमुना क्रमांक सातमधले प्रश्न नेमके याच क्रमाने छापलेले होते.

"आत्या, काल तू विहिरीपाशी चक्कर येऊन पडलीस."

"पडले की. उठलेसुद्धा."

"मग खुशाल कसं लिहू?"

"नाहीतर काय लिहिणार? घरची लक्तरं वेशीवर टांगणार? लाज कशी वाटत नाही मेल्या तुला. बस, ताकातला बाजरीचा फुरा पी, ताक आजच घुसळलंय."

लावाली दोनशे बारा घरं फिरला. गावाचा एकूण ताण शून्य भरला. आकडे आपणच वाढवावेत असं त्याच्या मनात आलंही, पण प्रत्येक कागदावर कुणाचा तरी अंगठा होता आणि त्या सगळ्यांना रोज तोंड दाखवायचं होतं.

महिन्याभरात पत्र आलं. गिदान दावा हे ताणमुक्त गाव म्हणून घोषित करण्यात येत आहे. सबब दवाखान्यातील शिल्लक गोळ्या गरजू ठिकाणी वर्ग कराव्यात. पाठोपाठ या निश्चिंतीचं रहस्य अभ्यासायला तीन जणांचं पथक थंड गाडीतून आलं. गाडीतून उतरल्यावर पाऊण तासात दोघांना भोवळ आली. त्यांचा ताण अठ्ठावन्न भरला आणि शिल्लक गोळ्या त्यांना वर्ग झाल्या.

आत्याकडे तीनच गोळ्या उरल्या. लावालीने तडक जिल्ह्याची गाडी पकडली. साहेबांच्या तोंडावर सगळं सांगायचं, हे तो वाटेत सोळा वेळा घोकत गेला.

जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत इलियासू साहेबांनी त्याला खुर्ची दिली. शेजारी कारकून वही उघडून बसला होता.

"या लावाली. घरी कसं?"

"खुशाल, साहेब."

"मुलंबाळं?"

"खुशाल."

"आत्याबाई?"

लावालीची जीभ अडली. सकाळीच आत्याने गोळीचे दाताने दोन तुकडे करून अर्धा पदराला बांधून ठेवला होता. साहेब थांबले. कारकुनानेही मान वर केली. असं कुणी कधी मध्येच थांबत नाही.

"खुशाल," लावाली म्हणाला.

"आणि उकाडा?"

"देवाची कृपा."

कारकुनाने उत्तरं वहीत उतरवून खाली लावालीची सही घेतली. समक्ष पडताळणी पूर्ण. साहेबांना बैठकीची घाई होती. लावालीने बाहेर येऊन स्वतःला शेलक्या शिव्या घातल्या. दवाखान्यात पोचल्यावर स्वतःचा रक्तदाब मोजला, तो एकशे नव्वद निघाला. तेवढ्यात शेजारीण बोलवायला आली.

आत्याची उजवी बाजू गेली होती. लावाली तिचा लुळा हात धरून बसला आणि लहान पोरासारखा रडला. आपल्या एका शब्दाने हे केलं, हे त्याला पुरतं कळत होतं.

"आत्या, कशी आहेस गं?"

वाकड्या तोंडातून शब्द यायला वेळ लागला. "खु... शाल. तू?"

"खुशाल," लावाली म्हणाला.

असो. बाकी आमच्याकडचं ठीक आहे. तुमच्याकडे कसं? यंदा उन्हाळा फार होता म्हणे. झोप लागते ना?

काय म्हणालात, "चाललंय"?

बरं. लिहून घेतलं.