वाजवावा, वापरू नये

दाताच्या डॉक्टरांनी स्पीकरची जोडी विकत घेतली, ही घटना वरकरणी साधी होती. माणसं स्पीकर विकत घेतात. पण हे स्पीकर जिन्यातून चढवताना हमालांनी वाटेत दोनदा राजीनामा दिला, आणि हॉलमध्ये उभे केल्यावर असं आढळून आलं, की घरातली सर्वांत उंच व्यक्ती, म्हणजे डॉक्टरांच्या सासूबाई, त्यांच्या खांद्यालाही लागत नाहीत. आपल्यापेक्षा उंच काही घरात आलेलं सासूबाईंना खपत नसे. त्यांनी जोडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "जावईबापू, ही कपाटं उघडतात कुठून?"

"कपाटं नाहीत आई, स्पीकर आहेत."

"मग आत काय आहे?"

"हवा," डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

"हवेला कपाट!" असं म्हणून सासूबाई ही बातमी मुलीला द्यायला स्वयंपाकघरात गेल्या.

डॉक्टरांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. डोंगर, दऱ्या, उल्कापात वगैरे गोष्टी ती शांतपणे घ्यायची. तिने किंमत विचारली. डॉक्टरांनी ती तिच्या कानात सांगितली. ती मटकन खाली बसली.

"तिथे नको! खोका आहे तो!" डॉक्टर ओरडले. "मूळ खोका चेपला की किंमत उतरते."

"किंमत उतरायला ती आधी गच्चीवरून खाली यायला हवी. अहो, एवढे पैसे घालवलेत?"

"घालवले नाहीत, ठेवलेत." डॉक्टरांनी घसा साफ केला. दाढ काढायची गरज पेशंटला पटवून देताना ते असाच घसा साफ करत. "गंभीरनाद कंपनीची स्वरसन्मान योजना आहे. ठरलेल्या मुदतीत हे स्पीकर उत्तम स्थितीत परत द्यायचे. कंपनी पूर्ण किंमत धरून त्याच्या वरचं मॉडेल देते. आपण फक्त फरक भरायचा. म्हणजे हे मॉडेल फुकटच पडलं."

"आणि वरचं?"

"तेही परत देता येतं. त्याच्या वरच्यासाठी."

"आणि सगळ्यात वरचं घेऊन झाल्यावर?"

डॉक्टरांनी पुन्हा घसा साफ केला. "तोवर कंपनी आणखी वरचं काढते," ते म्हणाले. "कंपनी गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडत नाही."

सुरुवातीचे दिवस आनंदात गेले, हे नोंदवणं भाग आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात गिरमिट फिरवून डॉक्टर घरी येत, हातपाय धुवत आणि गाणी लावत. भूगोलाची बाई वह्या तपासायचं सोडून ऐकत बसे. एकदा सासूबाई नाक मुरडत हॉलमधून जाता जाता थबकल्या. त्यांच्या तरुणपणातली कोणी गायिका गात होती. "अगं, ही श्वास घेतेय!" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ऐकतेय, मला वाटायचं ही बाई श्वासच घेत नाही." त्या दिवशी जेवायला उशीर झाला आणि कोणीच कुरकुर केली नाही.

मग कंपनीतून फोन आला. बोलणारा गृहस्थ मूल्यरक्षण अधिकारी होता. तो इतक्या हळू आवाजात बोलायचा, की ऐकणाऱ्याला चांगल्या स्पीकरची गरज आपोआप पटावी.

"स्पीकर कसे आहेत?" त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल विचारावं तसं विचारलं.

"एकदम मस्त! रोज ऐकतो आम्ही."

पलीकडून पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"रोज?"

"का? वाजवायचे नाहीत का?"

"वाजवायला हवेतच. न वाजवलेला स्पीकर आखडतो आणि त्याचं मूल्य घटतं. पण वापरायचे नाहीत. वापरलेल्या स्पीकरचं मूल्य घटतं."

"वाजवणं आणि वापरणं यात फरक काय?"

"वाजवतो तेव्हा स्पीकरला फायदा होतो," अधिकारी सौम्यपणे म्हणाला. "वापरतो तेव्हा तुम्हाला."

हे डॉक्टरांना इतकं पटलं, की आजवर केलेल्या वापराची त्यांना शरम वाटू लागली. कंपनीने ताबडतोब एक तबकडी पाठवली. तिच्यात स्पीकरच्या प्रकृतीला मानवेल असा एक आवाज भरलेला होता. तो आवाज असा होता: खस्स्स्स. रोज सकाळ-संध्याकाळ तो लावायचा आणि मधल्या वेळात काहीही लावायचं नाही, कारण गाण्यामध्ये चढउतार असतात आणि चढउतारांनी स्पीकरचे पडदे थकतात. सगळं घर खस्स्स्स ऐकत जेवू लागलं. खालच्या मजल्यावरून निरोप आला, की तुमचा नळ चालू राहिलाय.

पुढचं सगळं ओघानेच आलं. फोडणीचे तेलकण हवेतून लाकडावर बसतात, म्हणून शेगडी मागच्या गॅलरीत गेली. खिडकीतलं ऊन एकाच स्पीकरवर पडतं आणि रंग कमी-जास्त उडाला तर जोडी विजोड ठरते, म्हणून दुपारी घरात असलेल्या माणसाने दुसऱ्या स्पीकरवर आरशाने तेवढंच ऊन पाडायचं, असं ठरलं. हे काम सासूबाईंकडे आलं. पाहुणे यायचे बंद झाले, कारण पाहुण्यांना कोपर असतात. मग घरच्या माणसांनाही कोपर असतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि सगळे जण आतल्या खोलीत राहायला गेले. हॉलमध्ये खास शिवून घेतलेल्या मऊ झग्यांत दोन स्पीकर राहू लागले.

आतल्या खोलीत एक जुना रेडिओ होता. त्याची एरियल तुटली होती, तिच्या जागी सांडशी खोचलेली होती. सांडशी खिडकीकडे धरली की गाणी लागत, दाराकडे धरली की बातम्या. एका संध्याकाळी भूगोलाच्या बाईने सांडशी धरल्या धरल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अहो, आपण कोणासाठी जपतोय ते?"

"आपल्यासाठीच."

"आपण तर आत बसलोय."

"वरचं मॉडेल आलं की बाहेर बसू," डॉक्टर म्हणाले.

मुदत भरत आली आणि मूल्यरक्षण अधिकारी स्वतः तपासणीला आला. त्याने दारातच बूट काढले, पांढरे हातमोजे घातले आणि स्पीकरसमोर किंचित वाकला. मग त्याने बॅगेतून छाती तपासायची नळी काढली. एकेका स्पीकरला ती लावून तो बराच वेळ ऐकत राहिला. त्याने लाकूड हुंगलं. झग्यांचं कापड बोटांत चोळून पाहिलं. मूळ खोका उघडून त्याच्या आतही डोकं घातलं. डॉक्टर भिंतीला चिकटून उभे होते. वेटिंग रूममध्ये बसलेल्या माणसाला काय वाटतं, हे त्यांना तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

"निर्दोष," अधिकारी म्हणाला.

डॉक्टरांनी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"आणि हीच अडचण आहे. इतके निर्दोष आहेत, की वापरलेले वाटत नाहीत. आमची योजना जुन्या स्पीकरसाठी आहे. हे नवेच आहेत. नवे स्पीकर आम्ही परत घेत नाही, विकतो."

"पण तुम्हीच म्हणालात, वापरू नका!"

"मूल्यासाठी वापरू नका असं म्हणालो. पात्रतेसाठी वापर लागतोच." त्याने हातमोजे नीट केले. "घाबरू नका, तोडगा आहे. मालकाला या स्पीकरपासून आनंद झाला, एवढं सिद्ध झालं तरी पुरे. त्यासाठी आधी मालकाचे कान तपासावे लागतील. आनंद कानातून आत गेला असल्याची खात्री हवी."

तपासणी सोपी होती. अधिकारी बोळात जाऊन काहीतरी कुजबुजणार होता आणि डॉक्टरांनी ते हॉलमधून मोठ्याने सांगायचं होतं. तो गेला. डॉक्टरांनी डोळे मिटले, मान तिरकी केली, श्वास रोखून धरला. गिरमिटाच्या किंकाळ्यांनी वर्षानुवर्षं तासून निघालेल्या त्यांच्या कानांना बोळ नावाची जागा अस्तित्वात आहे, एवढंही कळलं नाही.

"तो म्हणाला, 'ह्यांचं काही खरं नाही,'" मागच्या गॅलरीतून सासूबाईंचा आवाज आला.

अधिकारी धावतच परत आला. गॅलरीचं दार बंद होतं, शेगडीवर कुकर शिट्ट्या देत होता, आणि तरीही सासूबाईंना शब्दन् शब्द ऐकू आला होता. भूगोलाच्या बाईला यात काहीच आश्चर्य वाटलं नाही. लग्नापासून त्या घरात कुजबुजायचं असेल तर गच्चीवर जावं लागे.

"या घरात योजनेस पात्र असे कान एवढेच आहेत," अधिकारी आदराने म्हणाला. "मालकी आजींच्या नावावर करा. मग आजींना माझ्यासमोर आनंद होऊ द्या. मी तसं प्रमाणित करतो आणि वरचं मॉडेल रवाना करतो."

डॉक्टर क्षणात तयार झाले. नाव काय, नुसतं कागदावर. सासूबाईंनी हात पुसून सही केली, स्पीकरांकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे आता हे माझे?"

"कागदोपत्री, आई."

"मग झगे काढा यांचे. घरात कोणी असं गुंडाळून बसतं का?"

झगे निघाले. त्यांनी खुर्ची बरोबर मधोमध ओढली, ऐसपैस बसल्या आणि त्या श्वास घेणाऱ्या बाईचं गाणं लावायला सांगितलं. डॉक्टरांनी ते अगदी बारीक आवाजात लावलं.

"मोठं करा."

त्यांनी चिमूटभर मोठं केलं.

"जावईबापू, भूल नका देऊ. मोठं करा!"

आवाज वाढला. तबला असा उमटला, की शोकेसमधल्या बश्या जाग्या झाल्या. अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजी, आनंद माफक असावा. मला फक्त एक स्मितहास्य नोंदवायचंय."

पण सासूबाई ऐकण्याच्या पलीकडे गेल्या होत्या, म्हणजे खऱ्या अर्थाने ऐकत होत्या. त्या उठल्या. एका स्पीकरला टेकल्या आणि त्याच्या लाकडावर तळहाताने ठेका धरला. हातात बांगड्या होत्या.

"ओरखडा," अधिकारी पुटपुटला. "दुसरा. डाव्या कडेला टवका."

"आई! हळू! किंमत!" डॉक्टर कळवळले.

"तू ये गं इकडे," सासूबाईंनी लेकीला हाक मारली. भूगोलाची बाई कालथ्यासकट आली. आत आल्यावर तिने आज प्रथमच हॉलचं दार उघडं ठेवलं आणि कांद्याचा खमंग धूर तिच्यामागोमाग आत आला. अंतऱ्याला मायलेकी दोघी गाऊ लागल्या. एक सुरात गात होती, दुसरी भूगोलात. अधिकारी किंमत मोजत होता, पण गाणं त्याच्यापेक्षा भराभर पुढे जात होतं, आणि शेवटच्या तिहाईला त्याने हात टेकले.

गाणं संपलं. तो पुन्हा किंचित वाकला, पण या वेळी स्पीकरसमोर नाही, तर स्पीकरच्या स्मृतीसमोर.

"आनंद निर्विवाद सिद्ध झाला आहे," तो म्हणाला. "दुर्दैवाने, आनंद झालेले स्पीकर आम्ही घेत नाही. मूल्य, शून्य."

तो गेल्यावर डॉक्टर फतकल मारून जमिनीवर बसले. त्यांनी डोकं मागे टेकलं, तेव्हा ते स्पीकरला लागलं. दचकून ते पुढे झाले. मग आता दचकायचं कारण उरलेलं नाही, हे आठवून पुन्हा मागे टेकले. सासूबाईंनी दुसरं गाणं लावलं. कानांना जे पोचत नव्हतं, ते डॉक्टरांच्या पाठीतून वर चढू लागलं. थोड्या वेळाने ते बायकोला म्हणाले, "तो कालथा ठेव खाली आणि बस जरा इथे." ती खोक्यावर बसली. खोका चेपला. डॉक्टरांनी फक्त पाय लांब केले.

बातमी इमारतभर झाली आणि लोक समाचाराला येऊ लागले. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट सपत्नीक आले. दुःखाच्या प्रसंगी ते नेहमीच सर्वांत आधी पोचत. त्यांनी ओरखड्यांवरून हळुवार बोट फिरवलं.

"वस्तू जपायला हवी होती, डॉक्टर. आमच्याकडे या. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. बसलं की जरा आवाज येतो, पण सोफा बघा, जसाच्या तसा!"

"प्लास्टिकमधून दिसतो का?" सासूबाईंनी विचारलं.

"अंदाज येतो." एजंटांनी वेळ पाहण्यासाठी खिशातून फोन काढला. तो जाड काळ्या रबरी कव्हरमध्ये होता.

"नवा वाटतं?"

"हो ना! खास रंगासाठी घेतला. सगळी दुकानं पालथी घातली. त्या रंगाचा शेवटचाच होता."

"कोणता रंग?"

एजंटांनी तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं, आणि सवयीने डॉक्टर आत डोकावले.

"निळा," एजंट अखेर म्हणाले. "म्हणजे, हिरव्याकडे झुकणारा निळा."

"जांभळा ना हो?" त्यांची बायको म्हणाली.

दोघांनी मिळून कव्हर काढायचा प्रयत्न केला. नखं चालेनात. विषय अब्रूचा झाल्यामुळे डॉक्टर आतून दाढा काढायचा चिमटा घेऊन आले. सगळे जण फोनभोवती गोळा झाले, एजंटांच्या बायकोने डोळे घट्ट मिटून घेतले, आणि कव्हर एकदाचं बाहेर आलं.

रंग कोणता निघाला, ते सांगण्यात अर्थ नाही. तुमचा फोन कोणत्या रंगाचा आहे? नाही, काढून बघायचं नाही. आठवून सांगा.