वाघमारे सर उत्तर देत न्हाईत

आमच्या गल्लीतल्या वाघमारे सरांना कुणी किती वाजले विचारलं, की ते आधी मनगटावरचं घड्याळ तळहातानं झाकायचे. मग म्हणायचे, "सावलीकडं बघा बरं. किती वाजले असतील?" ह्यापायी एकदा माझी बस चुकली. अंदाज मी बरोबर सांगितला होता, पण तोवर बस गेली होती.

मी दुसरीपर्यंत शिकलेला गवंडी. किल्लारीकडच्या खेड्यात चाळीस वर्षं दगडी भिंती उभ्या केल्या. भूकंपात माझं स्वतःचंच घर बसलं. माणसं अंगणात निजली होती म्हणून वाचली. घर पडलं, पण माझी मिजास काही पडली नाही. ती तशीच घेऊन मी लातूरला पोराकडं राहायला आलो आणि सरांचा शेजारी झालो.

तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागून राहिल्या होत्या. सगळीकडं पोरांकडून उत्तरं पाठ करून घेत. सर मात्र दर शनिवारी शाळेच्या एका खोलीत पाच पोरं घेऊन बसत. कसलीशी स्पर्धा होती. पाच जणांना मिळून एक अडचण देतात अन् तासभर वेळ. डोकं पोरांनीच चालवायचं. मोठ्या माणसानं हात लावायचा नाही, सुचवायचंही नाही. माझी नात सुमी त्या पाचांत.

पोरं झाडूच्या काड्यांचा पूल करत, तेव्हा सर हात पाठीमागं बांधून उभे. पूल कोसळला की माणूस खूश! "वा! आता कळलं का, कुठनं मोडला?"

मी म्हणायचो, "सर, सरका. मी एका मिनटात बांधतो."

"मग पोरांनी काय करायचं, मामा?"

"बघायचं की माझ्याकडं!"

"तेच तर करून राहिलेत. काम सोडून."

हेडमास्तरांनी बजावलं होतं : नांदेडच्या स्पर्धेत नंबर आला तर शनिवारची खोली राहील, नाहीतर ती क्लासला देऊन टाकू. सरांच्या बाई वारलेल्या, मुलगा हैदराबादला. त्या पाच पोरांशिवाय सरांची कुणी वाटच बघत नसे.

नांदेडला मला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणून मी परीटघडीचं धोतर नेसून सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन बसलो.

तिथं अडचण दिली ती अशी : रद्दी पेपर अन् सुतळीचा मनोरा करायचा. मग परीक्षक टेबल हलवणार. मनोरा उभा राहिला पाहिजे.

टेबल हलवणार म्हटल्याबरोबर मला भूकंपात बसलेलं माझं घर आठवलं. पोरं आपली उंच, निमुळता मनोरा चढवून राहिलेली. मी खाकरलो. पाणी पिण्याच्या निमित्तानं टेबलापाशी गेलो अन् पुटपुटलो, "सुमे, पाया रुंद घे."

पोरांनी घेतला. टेबल गदागदा हलवलं, मनोरा जागचा ढळला नाही. टाळ्या पडल्या. मी मिशीला पीळ दिला. तेवढ्यात सर उठले आणि परीक्षकांपुढं जाऊन म्हणाले, "आमच्या पोरांना बाहेरची मदत झाली."

गुण कापले, नंबर गेला. सुमी परतीच्या वाटेवर माझ्याकडं पाठ करून बसली.

मी सरांवर उखडलो. "मायला, कुणाला ऐकू गेलं होतं का?"

"पोरांना गेलं होतं, मामा."

आठवड्यात खोलीत क्लासची बाकं आली. लाज मला वाटायला पाहिजे होती. पण मी पडलो मानी माणूस, मी रुसलो. सरांकडं फोन नव्हता. त्यांच्या मुलाचा फोन रविवारी सकाळी आमच्याकडं यायचा अन् मी खिडकीतून हाक मारायचो. ठरवलं, ह्या रविवारी हाक मारायची नाही.

फोन वाजला. 'सर घरी न्हाईत' म्हणायला मी उचलला.

"मामा, बाबांना बोलावता? लिंबं आणलीत. लोणचं कसं घालायचं, विचारायचंय."

खिडकीतून बघितलं. सर इस्त्रीचा सदरा घालून उंबऱ्यावर बसलेले, नजर आमच्या खिडकीवर. माझ्या तोंडून हाक निघूनच गेली.

सर आले. मी कान टवकारले. आता हे पोराला विचारणार, लिंबाकडं बघून तुला काय वाटतं? पण सर घडाघडा सांगत सुटले. "हाव. फोडी कर. बिया काढ. मीठ लावून बरणीत भर. आठ दिवस रोज हलव. न्हाई, पाणी लागू देऊ नको." विचारलं की उत्तर, विचारलं की उत्तर!

त्यांनी फोन ठेवला. मी भांडण विसरून म्हटलं, "सर, शाळेतल्या पोरांना एक उत्तर देत न्हाई, अन् ह्याला सगळीच?"

"ह्यालाही आधी म्हणायचो, तूच ठरव. ठरवायला लागला."

"मग झालं की चांगलं."

"चांगलंच झालं. तीन महिने फोन आला न्हाई."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण मसाल्याचं सांगायचं राहिलंच. परत फोन लावू का?"

सर चपला पायात सरकवत म्हणाले, "राहू द्या, मामा. ते पुढल्या रविवारी."