सासूबाईंच्या डोक्यामागचं वलय

बायकोच्या खानावळीला नवा बोर्ड हवा होता, आणि तो मी करतो असं मी म्हणालो. माझ्याकडून एवढंच झालं. बाकीचं आपोआप होत गेलं.

त्याच महिन्यात मी मोबाईलवर 'कलेचा इतिहास आणि दृश्यरचनेची मूलतत्त्वे' हा फुकट कोर्स पूर्ण केला होता. (कचेरीच्या वेळेत केला, पण ते इथे महत्त्वाचं नाही.) त्यानंतर मला मालवणात फिरणं अवघड झालं. जिकडे तिकडे लाल-पिवळे बोर्ड, त्यांवर पापलेट, खेकडा, माड, मालकाचा नंबर आणि 'घरगुती' हा शब्द. नजर टेकायला जागा म्हणून नाही. हे मी बायकोला, म्हणजे संचिताला, नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, लोकांना नजर टेकायची नसते, बूड टेकून जेवायचं असतं.

पण तिला वाद घालायला वेळ नव्हता. कोल्हापूरचा एक टूरवाला पहिल्यांदाच तिच्याकडे माणसं पाठवत होता. रविवारी एक गाडी, सोमवारी दुसरी. दोन्ही गाड्या खूश होऊन गेल्या तर तो सबंध सीझन तिच्याकडेच जेवण लावणार होता. तिचं सगळं लक्ष मसाल्यात, म्हणून बोर्ड माझ्या हाती आला.

खानावळ सासूबाईंच्या नावाने आहे. राधाबाई आमच्याकडेच राहतात, मसाला त्यांचा आणि घरात जरबही त्यांचीच. त्या कुडाळला बहिणीकडे गेल्या होत्या, म्हणून मला त्यांचा फोटो बिनबोभाट वापरता आला. आता रचना सांगतो. पार्श्वभूमी काळीभोर. मधोमध राधाबाईंचा कृष्णधवल चेहरा, जुन्या युरोपियन चित्रांतल्यासारखा एकाच बाजूने उजळलेला. भोवती भरपूर मोकळी जागा. त्या चित्रांत संतांच्या डोक्यामागे सोनेरी वलय असतं, तेही घातलं. (सासूबाई संत नाहीत, पण खूश होतील असा माझा अंदाज.) बोर्ड छापणाऱ्या प्रीतमकडे सोनेरी रंग नव्हता. त्याने झेंडूचा पिवळा वापरला, आणि वलय जरा घसरून खांद्यांवर आलं. खाली ठळक 'राधाबाई'. 'खानावळ' हा शब्द कोपऱ्यात, अगदी बारीक, कारण खऱ्या कलाकृतीला आपण काय आहोत ते ओरडून सांगावं लागत नाही. प्रीतमने दोनदा विचारलं, दादा, नक्की ना? मी त्याला सर्टिफिकेट दाखवलं.

शनिवारी संध्याकाळी बोर्ड रस्त्याकडेला उभा केला. रविवारी उजाडताच पहिला रसिक आला, शेजारचा बाबली. तो टोपी काढून बोर्डासमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने येऊन माझा हात हातात घेतला.

"बघलंय आणि डोळ्यांत पाणीच इला," तो म्हणाला.

थोर कला माणसाला हलवते असं कोर्समध्ये सांगितलं होतं. बाबली इतक्या लवकर हलेल असं मला वाटलं नव्हतं.

"खूप तरास झालो?" त्याने विचारलं.

"झालो तर. पण शेवटी मनासारखा झाला."

बाबलीने हात सोडला. मी चहा घे म्हटलं, तर माझ्याकडे विचित्र नजरेने बघत निघून गेला. मागून आलेल्या कुणीही चहा घेतला नाही. शेजारीण मात्र पेजेचं भांडं आणून ओट्यावर ठेवून गेली. कलाकाराची समाजाने अशी कदर करावी, याने मला भरून आलं.

मागच्या दारी संचिता मासेवाल्या लक्ष्मीची वाट बघत होती. लक्ष्मी आली, बोर्डासमोर हात जोडले आणि टोपलीसकट पुढे चालू लागली. संचिता तिच्यामागे धावली.

"सुतकाच्या घरात मासे कशे देऊ गो?" लक्ष्मी म्हणाली. "आणि तू चूल पेटवलंस कशी?"

संचिताने वळून पाहिलं. रस्त्यावरून बोर्ड ती पहिल्यांदाच बघत होती. आधी आईचा फोटो बघून तिला रडू आलं, मग आई कुडाळला आहे हे आठवलं, मग ती माझ्याकडे वळली. मीही रस्त्यावर जाऊन पाहिलं. तिथून ते वलय नव्हतंच. झेंडूचा हार होता.

आई जिवंत आहे असं संचिता पुन्हा पुन्हा सांगू लागली, तसतशी लक्ष्मी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. तेवढ्यात कोल्हापूरच्या ड्रायव्हरचा फोन आला. त्याने बोर्ड बघून गाडी पुढे नेऊन थांबवली होती. अशा प्रसंगी तुम्हाला त्रास नको, आम्ही दुसरीकडे जेवतो, असं तो अदबीने म्हणत होता. मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

सासूबाईंनी वाचवलं. कुडाळची एसटी थांबली, त्या उतरल्या आणि लक्ष्मी रस्त्यातच खाली बसली. सासूबाईंनी बोर्ड पाहिला, मला पाहिलं, आणि लक्ष्मीची टोपली उचलून चुलीशी नेली. मग स्वतः जाऊन गाडीवाल्यांना घेऊन आल्या. जेवण उशिरा झालं, पण ताटात काही उरलं नाही.

दुपारी त्यांनी कोण कोण रडलं याची सविस्तर चौकशी केली. गर्दी बरी होती हे ऐकून त्यांना समाधान वाटलं असावं.

"बोर्ड बरो आसा," त्या म्हणाल्या. "फोटो तेवढो चुकलो. नवो बोर्ड येईपर्यंत हेच्यावर तुमचो लावा."

त्यांच्यापुढे बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. सोमवारी सकाळी त्याच काळ्यात, त्याच उजेडात, त्याच हारात माझा चेहरा आणि खाली माझं नाव. मी लाजून आतल्या खोलीत बसलो. खरं सांगायचं तर थोडी उत्सुकताही होती. दुसरी गाडी आली. त्यांना आदल्या दिवशीचं काहीच ठाऊक नव्हतं. एक वयस्कर गृहस्थ बोर्डासमोर हात जोडून आत आले. मी दाराला कान लावला.

"वहिनी, मालक गेले वाटतं," ते हळूच म्हणाले. "आज जेवण मिळेल ना?"

"मिळेल की," संचिता म्हणाली. "त्यांच्यावाचून काय अडतंय? बसा."