लाकडाचा वास

उद्यापासून दारूबंदी, म्हणून हंबीररावांनी दोन्ही बाटल्या दुपारीच गोणपाटात गुंडाळून परसातल्या आडात सोडल्या. पांढरी वाइन गार प्यायची असते, एवढे त्यांना ठाऊक होते. चव ठाऊक नव्हती.

जन्मभर त्यांनी सरदारांच्या बंगल्यावर टेबल लावले. मेजवानीत अदबीने सांगितले, "ही ओक लाकडाच्या पिपात मुरलेली. ही बिनलाकडाची." पाहुणे घोट घेत, माना डोलावत. हंबीरराव ग्लास पुसत. संस्थान विलीन झाले, सरदार पुण्याला निघाले. जाताना दोन्हीतली एकेक बाटली हातात देऊन म्हणाले, "पुढच्या खेपेला फरक तू सांगायचास."

सोबतीला पिराजी. गुळाचे व्यापारी, खडा जिभेवर ठेवून कोणत्या गावचा ऊस ते सांगत. ते आले ते मटणाचा डबा घेऊनच.

"पिराजी, आधी चव घ्यायची असती."

"उपाशी पोटी पाजतोस व्हय मला? घरनं रस्सा आणलाय. नको म्हंतोस?"

नको म्हणणे शक्यच नव्हते. तांबडा रस्सा झाला, त्यावर उतारा म्हणून पांढरा, मग पुन्हा तांबडा. हंबीररावांच्या पत्नी तानाबाईंचा सोमवारचा उपास होता. त्या नुसत्या वाढत राहिल्या.

मग गोणपाट वर आले. बाटल्यांवरचे कागद भिजून त्यालाच चिकटले होते. बाटल्या उघड्याबोडक्या, हिरव्या, जुळ्या.

"आता वळखायची कशी?"

"जिभेनं की. मी कशाला हाय?"

डावी बाटली.

"कशी हाय?"

"गार हाय."

उजवी बाटली.

"आन् ही?"

"ही बी गारच हाय."

हंबीररावांनी डोळे मिटून घोट जिभेवर फिरवला. जिभेवर नुसती आग. पुन्हा डावी. पुन्हा उजवी. डोळ्यांत पाणी आले. मिरचीचे की कशाचे, ते पिराजींनी विचारले नाही.

"वाईच आनखी ओत. तोंडाला लै बरं वाटतंय."

शेवटचा घोट पिराजींनी चूळ भरल्यासारखा खळखळवला आणि गिळला.

मंगळवार. दारूबंदी.

हंबीरराव उंबऱ्यावर बसले होते. तानाबाई आतून म्हणाल्या, "एका बाटलीला आपल्या लग्नातल्या लाकडी पेटीचा वास येत हुता बघा. नवी असतानाचा. दुसरीला तसला न्हवता. नुसता द्राक्षाचा."

हंबीरराव उठले. "कवा बघितलंस?"

"धुताना."

त्यांनी कोनाड्यातल्या बाटलीचे बूच काढून नाक लावले. मग दुसरीला.

"घासलेट हाय," त्या म्हणाल्या. "चांगल्या बाटल्या टाकायच्या कशाला?"

हंबीरराव माजघरात गेले. पेटी उघडून बराच वेळ तिच्यात डोके घालून बसले.

डांबरगोळ्यांचा वास येत होता.