जनूकाकांचा उजवा कान

आमच्या शेजारचे जनूकाका बेंजो दातांनी ऐकायचे. तोंडात लाटणं धरायचं, त्याचं दुसरं टोक बेंजोच्या फळीवर टेकवायचं आणि वाजवायला लागायचं. लाकडातली थरथर दातांत येते आणि दातांतून डोक्यात जाते, असं त्यांचं म्हणणं. घरात तांदळाच्या भाकऱ्या हातावरच थापल्या जात, त्यामुळे लाटण्याला तसंही दुसरं काम नव्हतं.

काका मूळचे समुद्रकाठच्या दांडी गावचे. बोईसरला कारखान्यात फिटर होते आणि निवृत्तीनंतर तिथेच, सरावलीत राहिले. आमच्या किनाऱ्यावर बेंजोशिवाय लग्नाची हळद होत नाही. काकांनी तरुणपणापासून हौसेखातर कितीतरी हळदी वाजवल्या. पुढे कान गेले. आधी डावा पार गेला, मग उजवा जायला लागला. कानाला लावायची मशिनं झाली, तीही पुरेनात. "सूर हाय, कान नाय," असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. शेवटच्या हळदीत गाणं संपून माणसं जेवायला बसली, तरी काका डोळे मिटून वाजवतच होते.

मुंबईच्या डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट सुचवलं. ऑपरेशन करून कानाच्या आत बारीक तार बसवायची आणि बाहेरून कानामागे यंत्र लावायचं. डावा कान फार वर्षं बंद, म्हणून उजवाच निवडला. माणसांचं बोलणं हळूहळू कळेल, पण संगीत पूर्वीसारखं लागेल असं सांगता येत नाही, शिवाय त्या कानात उरलंय तेही बहुधा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दाखवलं. मी सोबत होतो; मला वाटलं, काका उठून निघणार. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

मग तयारी सुरू झाली, यंत्र उघडण्याआधी फिटर करतो तशी. लस घेतली, स्कॅन झाले. कानामागचे थोडेच केस काढावे लागतील म्हणून सांगितलं होतं, तर काका सलूनमधून गुळगुळीत गोटा करून आले. काम करणाऱ्याला जागा मोकळी लागते, म्हणाले. ऑपरेशनच्या आधीचा आठवडाभर त्यांनी येत होत्या तेवढ्या सगळ्या चाली वाजवल्या. एक चाल झाली की वहीत बरोबरची खूण. शेवटच्या दिवशी बेंजो धुतलेल्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला.

मला राहवेना. त्यांच्याशी बोलायला ठेवलेल्या पाटीवर मी लिहिलं, 'बेंजो कायमचा गेला तर?'

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, पुढे वाकले आणि आवाज खाली आणला. तो त्यांना वाटला तेवढा खाली आला नव्हता.

"धा वरसं झाली, हिरा माज्याशी वरडून बोलते. घसा फाटला तिचा. आता तिनं जरा हळू बोलावं, एवडंच."

आतला भाकरीचा थपथपाट थांबला. बराच वेळ तो पुन्हा सुरू झाला नाही.

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. महिनाभराने यंत्र चालू केलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंचा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा आला म्हणे. बेंजो तर नुसता पत्रा. काका खचले नाहीत. रोज दहा मिनिटं पत्रा वाजवायचा, कान शिकेल, असं ठरवून बसले. अजूनही तो अर्धाच शिकलाय.

दोनेक महिन्यांनंतरची गोष्ट. मी त्यांच्याकडे बसलो होतो. काका खिडकीशी पाठमोरे होऊन पेपर वाचत होते. हिराकाकू आतून आल्या आणि आपल्याच नादात, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "चाय ठेवू का?"

"ठेव. साखर कमी," काका पेपरातून मान न काढता म्हणाले.

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाशी नेला. मग त्यांनी तेच पुन्हा विचारलं, पहिल्यापेक्षा हळू.

"ठेव म्हटलं ना गो," काका म्हणाले.

काकूंनी तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी मलाही नीट ऐकू आलं नाही. काकांनी पेपर खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "हो."